लग्न थांबवलं, पुढं काय?

(गावपातळीवरील कार्यकर्त्या महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



दसरा झाला की आपल्या कळंब, वाशी, भूम भागातून टोळ्या कारखान्याकडं निघतात. त्याआधी मुकादमाची उचल येते आणि त्याच दिवसांत घाईघाईनं लग्नं उरकली जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. वयात आलेली पोर एकटी मागं ठेवायची भीती आणि कोयत्याची उचल, या दोन गोष्टी तिचं लग्नाचं वय ठरवतात.

असंच एक लग्न मी आणि अंगणवाडीताईंनी थांबवलं. मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. आईला नवऱ्यानं टाकलेलं. ती म्हणाली, "मला जेलात घालता का?" मी सांगितलं, २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात बाईला कैदेची शिक्षा नाही. तिनं लग्न मोडलं आणि विचारलं, "मी उसाला गेल्यावर हिला कुणाजवळ ठेवू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती लेकीला घेऊन फडात गेली. लग्न थांबलं, शाळाही थांबली. ही चूक तिची नव्हे, माझी होती.

उत्तर कायद्यात होतं. मुलांच्या संरक्षणाचा कायदा मुंबई प्रांतात १९२४ मध्येच झाला होता. आज देशभर २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. ज्या मुलीचं अल्पवयात लग्न होण्याचा धोका आहे, तिला तो 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' मानतो. म्हणजे तिला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं नेता येतं. लग्न रोखून सरकारचं काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

समितीच्या आदेशानं बालसंगोपन योजनेचा लाभ मिळतो. मूल संस्थेत न घालता घरीच वाढावं, यासाठी ही मदत आहे. पूर्वी महिना ४२५ रुपये होते, पुढं ११००, आता २२५० आहेत. एकल आईच्या मुलांनाही ती मिळते. पण विधवेकडं मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईनं कुठला दाखला आणायचा? इथं आपली गरज आहे. गृहचौकशीच्या वेळी तिच्या बाजूनं चार बायकांनी उभं राहून खरं काय ते सांगायचं.

दोन गोष्टी मात्र भांडून मिळवाव्या लागतील. ही रक्कम शासन निर्णयावर चालते, कायद्यानं बांधलेली नाही. म्हणून ती हक्क न राहता मेहेरबानी होते. दुसरं, अठरा वर्षांनंतरच्या आधाराची कायद्यातली तरतूद संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आहे. आईजवळ गरिबीत वाढलेल्या मुलीचा हात अठराव्या वाढदिवसाला सुटतो. बारावीचं वर्ष तेच आणि लग्नाला कायद्याची मोकळीकही तेव्हाच!

म्हणून दसऱ्याची वाट पाहू नका. श्रावणातच वस्तीवर फिरून एकल आयांची यादी करा. शाळा व्यवस्थापन समितीला हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्यायला लावा. बालसंगोपनाचे अर्ज भरा आणि पोच घ्या. लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ ला फोन करा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी कळवा.

आणि त्या आईच्या दारात जाताना नुसती मनाई घेऊन जाऊ नका. तिच्या प्रश्नाचं उत्तरही सोबत न्या.