आयटीआय झालं, आता पुढचं एक वर्ष

आयटीआयचा निकाल लागला की धाराशिव बसस्थानकावर पुण्याच्या गाडीत बॅग घेऊन चढणारी पोरं वाढतात. चाकणला ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लागायचं, हातात चार पैसे लगेच येतात, घरचेही खूश. मी आयटीआयत निदेशक म्हणून काम केलं आहे, त्यामुळं ही घाई मला नवीन नाही. चाकणला जायला माझी ना नाही. फक्त आधी एक वर्ष शिकाऊ उमेदवारी करा, आणि मग जा.

ॲप्रेंटिसशिपचा कायदा 1961 चा आहे. म्हणजे ही काही कालपरवा निघालेली योजना नव्हे. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत, महावितरणमध्ये, आपल्याला जवळ असलेल्या कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये या कायद्याखाली पोरं घेतली जातात. आयटीआय झालेल्यांना बहुतेक ट्रेडसाठी साधारण वर्षभर काढावं लागतं.

या वर्षात मिळतं काय, ते सांगतो. आयटीआयत आपण मोटार मेकॅनिकला इंजिन उघडून दाखवतो. पण ते इंजिन स्टँडवर असतं, थंड असतं आणि त्याला सायंकाळी कुठं जायचं नसतं. कार्यशाळेत आलेली गाडी उद्या पहाटे तुळजापूरला निघणार असते. तिथला जुना मेकॅनिक पोराच्या हातात हातोडी देतो आणि चाकाचा एकेक नट ठोकायला लावतो. घट्ट नट खणकन वाजतो, ढिला बद्द वाजतो. कान तयार व्हायला महिने जातात. पुस्तकातून तो कुणाचाच तयार होत नाही. ठेकेदाराच्या हेल्परला तर हे शिकवायला कुणाला वेळच नसतो. तो एकाच मशीनवर तोच माल वर्षभर चढवत-उतरवत राहतो.

आता पैशाचं. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिना किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवून दिलं. हे कमी आहे, हे मीही मानतो. बाहेरगावी खोली घेऊन राहणाऱ्या पोराचं त्यात भागत नाही. म्हणूनच आपल्या जिल्ह्यात, घरून जाऊन-येऊन करता येईल अशी जागा आधी शोधावी. वर्ष संपल्यावर परीक्षा असते आणि पास झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. वर्ष काढून परीक्षेलाच न बसणारी पोरं असतात, त्यांना काय म्हणावं! रेल्वेच्या लेव्हल वनच्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. एक मात्र आधीच समजून घ्या. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर त्याच आस्थापनेत नोकरी मिळेलच असं नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं इतकंच सांगितलं, की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं.

मालकांशीही बोलायचं आहे. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला, ठेक्यावरची माणसं धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 400 माणसांच्या साखर कारखान्याला किमान 10 घ्यावेच लागतात. 4 ते 29 माणसं असतील तर घेणं ऐच्छिक आहे. उमरग्याच्या, कळंबच्या गॅरेजवाल्यांनी आणि फॅब्रिकेशनवाल्यांनी इथं कान द्यावा. 2016 पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार देतं. 7,000 च्या दरानं तुमच्या खिशातून 5,500 जातात. शिकाऊ उमेदवाराचा पीएफ भरावा लागत नाही. हंगामाच्या तोंडावर चांगला फिटर मिळत नाही, अशी ओरड आपल्याकडं दरवर्षी असते. तो बाहेरून आयता येईल म्हणून वाट पाहण्यापेक्षा गावातला पोरगा वर्षभर हाताखाली घेऊन तयार करणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

मात्र शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला गडी नव्हे. त्याला चहा आणायला आणि शेड झाडायला ठेवणार असाल, तर घेऊच नका. परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. काम शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. वर्षातले काही महिने त्याला वेल्डिंगवर, काही महिने लेथवर असं फिरवा. एकाच कोपऱ्यात अडकवलेला पोरगा तुमच्याही कामाचा राहत नाही.

पोरांनो, आणि विशेषतः मुलींनो, कारण वीजतंत्री आणि कोपा (संगणकाचा ट्रेड) केलेल्या मुली घरीच बसलेल्या मला दिसतात, आधी ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा. जमत नसेल तर आयटीआयत जाऊन विचारा. करार पोर्टलवर नोंदला गेला की नाही ते स्वतः पाहा. तोंडी ठरलेल्या उमेदवारीला प्रमाणपत्र मिळत नाही. आणि आधार बँक खात्याला जोडून घ्या, कारण विद्यावेतनातला सरकारचा वाटा थेट त्याच खात्यावर जमा होतो.