पहारा मुलांवर, की जबाबदारी मोठ्यांवर?

(वाघोली येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



2001 मध्ये एका पत्राची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने समिती नेमली. इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरापासून मुलांना कसं वाचवायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न. तेव्हा मुलांचं इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे. म्हणून समितीने सुचवलं, की येणाऱ्याचं ओळखपत्र पाहा आणि मुलांना केबिनमध्ये न बसवता सर्वांना दिसेल अशा संगणकावर बसवा.

आज सोसायटीत काय किंवा दगडखाणीच्या वस्तीत काय, इंटरनेट मुलांच्या हातात आहे. गेम खेळताना कुणी अनोळखी भेटतो, कौतुक करतो, ‘घरी सांगू नकोस’ म्हणत दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावतो. एक फोटो मागतो. तो मिळाला की आणखी मागतो, आणि नकार दिला की पहिला फोटो सगळ्यांना पाठवायची धमकी देतो. इथे मुलावर पहारा ठेवून भागत नाही.

कायदा हे जाणतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67-ब नुसार मुलांना लैंगिक कृत्यासाठी ऑनलाइन फूस लावणं गुन्हा आहे. त्यांच्या शोषणाचं साहित्य शोधणं, डाउनलोड करणं, पुढे पाठवणं हाही गुन्हाच. 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांनाही बजावलं: असं साहित्य आढळल्यावर अमेरिकेतल्या एका संस्थेला कळवून मोकळं होता येणार नाही, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली इथल्या पोलिसांनाही कळवलं पाहिजे.

आणि आपण? पॉक्सोचं कलम 19 सांगतं, की असा गुन्हा कळला त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. तेव्हा ‘शाळेचं नाव जाईल’, ‘आपसात मिटवू’ ही भाषा आता कायद्याच्याही विरुद्ध आहे.

पोलिसांची पायरी चढायची भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. हे हक्क आहेत, ते मागून घ्या.

मूल सांगायला आलं तर आधी ऐका. ‘तू फोटो दिलासच का?’ हा प्रश्न विचारू नका. तो विचारला, की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. संतापून फोन रीसेट करू नका, पुरावा जाईल. फोटो कुणालाही पाठवू नका, अगदी मदत मागण्यासाठीसुद्धा. खात्याचं नाव, लिंक, वेळ लिहून ठेवा. मग 1098 वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

शाळांच्या पालकसभेत आणि सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत हा विषय यंदा घ्या. धमकी देणाऱ्याची सारी भिस्त मुलाच्या गप्प बसण्यावर असते. ते गप्प राहणार नाही, एवढा विश्वास त्याला देणं हे आपलं काम आहे.