पावतीशिवाय खर्च नाही, तसा पुराव्याशिवाय शब्द नाही

(महिला मेळाव्यात साकीनाका, मुंबई इथल्या वस्तीतील बचत गटाच्या एका ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मी साकीनाक्याची. म्हणजे सासर तिथलं, माहेर तुमच्यासारखंच गावाकडचं. आमच्याकडे छोटीशी खोली, वर पोटमाळा, शेजारी कारखान्याचा खडखडाट, आणि डोक्यावरून घाटकोपर-अंधेरीची मेट्रो जाते. पण गटाची बैठक तुमच्यासारखीच. चटई, वही, पेटी आणि शेवटी चहा. आपली पंचसूत्री तुम्हाला पाठच आहे: बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब. मला आज बोलायचंय ते हिशोब मिटल्यावर चहाबरोबर जे बोलणं सुरू होतं त्याबद्दल.

मागच्या वर्षी आमच्या गटानं भिंतीवर चादर बांधून एक जुना मराठी चित्रपट पाहिला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. विजय तेंडुलकरांचं हे मूळ नाटक. ते १९६७ मध्ये रंगमंचावर आलं आणि १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. तेंडुलकरांना नाटक सुचलं ते विलेपार्ल्याला असा खोटा खटला करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पा ऐकून. पार्ले म्हणजे आमच्या साकीनाक्याहून अंधेरी ओलांडली की आलंच. नाटकात आणि चित्रपटात बाईंचं काम सुलभा देशपांडे यांनी केलं. त्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतल्या बाईचं दुखणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नसेल.

गोष्ट थोडक्यात सांगते. मुंबईची काही मंडळी एका गावात कार्यक्रमाला येतात. गावकऱ्यांना कोर्ट कसं चालतं ते दाखवायचं, म्हणून अभिरूप न्यायालय, म्हणजे लुटुपुटीचं कोर्ट. त्यात एक लीला बेणारे. शाळेत शिकवणाऱ्या, हसऱ्या, फटकळ, मुलांच्या आवडत्या बाई. कार्यक्रमाला वेळ असतो, म्हणून तालीम करू म्हणतात. आरोपी कोण? बेणारे बाई तोंड धुवायला आत गेलेल्या असतात, तेवढ्यात बाकीचे ठरवून टाकतात. आरोप काय? पोटच्या बाळाला मारल्याचा. सगळे हसतात. खेळच आहे.

मग खेळ हळूहळू खेळ राहत नाही. एकेक जण उठतो आणि ऐकलेलं, पाहिलेलं, अंदाजानं जोडलेलं सांगू लागतो. बाई कुणाबरोबर दिसल्या, रात्री कुठे होत्या. गावातला एक साधा माणूस, सामंत, त्यालाही साक्षीला उभं करतात. तो बिचारा हातातल्या कादंबरीत वाचलेलं आठवून काहीतरी रचून सांगतो, आणि तेसुद्धा पुरावा धरलं जातं! बाई निघून जायला बघतात, तर दाराची कडी बाहेरून अडकलेली. शेवटी बाहेर येतं की अविवाहित बेणारे बाईंना दिवस गेलेत. बाळाचे वडील प्राध्यापक दामले, बायको-मुलं असलेले. ते त्या दिवशी आलेलेच नसतात. आणि ताईंनो, त्यांना पिंजऱ्यात बोलवायचं कुणाच्या मनातही येत नाही. निकाल काय लागतो? बाईंच्या पोटातलं मूल नष्ट करावं. बाळाला मारलं म्हणून खटला भरला आणि शिक्षा म्हणून तेच करायला सांगितलं. शाळेतूनही त्यांना काढायचं ठरलेलं असतं.

चित्रपट संपला तेव्हा आमच्या बायका त्या न्यायाधीशाला, वकिलाला शिव्या घालत होत्या. मी गप्प होते. मला दिसत होती ती सौ. काशीकर. न्यायाधीशाची बायको. बेणारे बाई जागच्या हलेनात तेव्हा त्यांना धरून पिंजऱ्यात ओढत नेणारी तीच. बाईमाणूसच. तिला राग कशाचा? ही एकटी राहते, कमावते, मोठ्यानं हसते याचा.

आता माझी गोष्ट सांगते. मी ही गोष्ट फार जणींना सांगितलेली नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक तरुण बाई भाड्यानं राहायला आली. सकाळी बालवाडी चालवायची, संध्याकाळी शिकवणी. माझी मुलगी तिच्याकडे जायची. तिच्याकडे एक माणूस मोटरसायकलवर यायचा, कधी उशिरा जायचा. बस, एवढंच. बैठकीत विषय निघाला. कुणी म्हणालं नवरा सोडलेली आहे, कुणी म्हणालं त्याला बायको आहे. मी तेव्हा गटाची सचिव होते. मीच म्हणाले, ‘अशा बाईकडे आपली मुलं ठेवायची का?’ आठ दिवसांत शिकवणी रिकामी झाली. महिन्याभरात तिनं खोली सोडली. जाताना माझ्या मुलीची पाढ्यांची वही दारात ठेवून गेली, तपासलेली.

तो माणूस कोण होता ते मला आजही ठाऊक नाही. तुम्हाला वाटेल, मी आता सांगेन की तो तिचा भाऊ होता, ती निर्दोष होती. नाही. मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचा मला अधिकारही नव्हता. मुलांना ती नीट शिकवत होती. एकाही मुलानं, एकाही आईनं तिची तक्रार केली नव्हती. तरी मी निकाल दिला. गटाच्या वहीत वीस रुपयांच्या रिक्षाभाड्याची पावती मागणारी मी, एका बाईची भाकरी काढून घेताना कसलीच पावती मागितली नाही.

आणि उलटंही झालंय. काही वर्षांनी जवळच्या एका क्लासला जायला एक लहान पोर रडू लागली. तिच्या आईनं बैठकीत भीत भीत सांगितलं. तेव्हा बायका काय म्हणाल्या? ‘छे गं, सर सभ्य आहेत. पोरीचं नाव खराब होईल. वाढवू नका.’ बघा ताईंनो, बाईला शिक्षा करायला मोटरसायकल पुरली, आणि सरांच्या बाबतीत मुलीचं रडणंही पुरेना. दामले पिंजऱ्यात का आले नाहीत ते मला त्या दिवशी समजलं. या वेळी मात्र आम्ही दोघी-तिघी त्या आईबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. पुढचं सांगत नाही, कारण त्या मुलीची ओळख जपायची आहे.

साकीनाका म्हटलं की तुम्हाला सप्टेंबर २०२१ आठवत असेल. खैरानी रोडवर एका बाईवर अत्याचार झाला, ती वाचली नाही. खऱ्या कोर्टानं जून २०२२ मध्ये आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. पण त्याआधी नळावर मी काय ऐकलं? ‘एवढ्या रात्री ती तिथं काय करत होती?’ खटला त्या माणसावर, आणि उलटतपासणी मेलेल्या बाईची.

म्हणून आमच्या गटानं आता नियम केलाय. कुणाबद्दल, शिक्षिका असो, अंगणवाडी ताई असो की शेजारीण, बोलणं निघालं की अध्यक्ष तीन प्रश्न विचारतात.

पहिला: तक्रार कोणाची आहे? ज्याला त्रास झाला त्याची, की बघणाऱ्याची?

दुसरा: नुकसान कोणाचं झालं? कुणाचंच नसेल तर तो विषय आपला नाही. पुढचा विषय घ्या.

तिसरा: याची चौकशी करायचा अधिकार कोणाला आहे? आपल्याला नाही. मग ज्याला आहे त्याच्याकडे जायचं.

हे तिसरं नीट लक्षात ठेवा. लहान मुलाचा प्रश्न असेल तर पोक्सो कायदा, २०१२ चा. संशय आला तरी कळवणं ही जबाबदारी आहे, लपवणं गुन्हा आहे. १०९८ वर फोन करा किंवा पोलिसांकडे जा. मुलाला बैठकीत बोलावून ‘काय झालं सांग’ करू नका, त्याचं नाव बाहेर जाऊ देऊ नका. त्याचा जबाब पोलिसांनी घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कामाच्या जागी बाईला त्रास होत असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. शिकवण्याबद्दल, मारण्याबद्दल काही असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिथे तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. त्या खुर्च्या आपल्याच आहेत, बसा तिथे. आणि खाजगी शाळेतल्या कायम शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही, महाराष्ट्रात तसा १९७७ चा कायदा आहे. आरोप झाला म्हणजे सिद्ध झाला नाही. दोन्ही बाजू ऐकायच्या असतात.

मी असं म्हणत नाही की तोंडाला कुलूप लावा. पोरीच्या आईनं तोंड उघडलं म्हणून पोर वाचली. मी म्हणते, तोंड योग्य दारात उघडा. चहाबरोबर नको.

चित्रपटाच्या शेवटी सगळे म्हणतात, अहो, खेळच होता, मनावर नका घेऊ, आणि कार्यक्रमाच्या तयारीला लागतात. बेणारे बाई तिथंच पडून असतात, हालचाल नाही. फक्त तो साधा सामंत येतो आणि पुतण्यासाठी घेतलेला कापडी पोपट हळूच त्यांच्याजवळ ठेवतो. बोलत काहीच नाही. मला त्याचा हेवा वाटतो. माझ्या गल्लीतल्या त्या बाईजवळ ठेवायला माझ्याकडे एवढंही नव्हतं. ती कुठे गेली मला माहीत नाही. तिनं तपासलेली वही मात्र माझ्या पेटीत आहे.

पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न तुमच्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहा, एवढंच मागते.