गाडी लागणाऱ्यांसाठी एक पिशवी
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आंबेगावच्या पश्चिम भागातला आपला शिवणवर्ग पुष्कळांनी पाहिला आहे. तिथल्या बायकांच्या मनात जीपच्या चालकभाऊंना काही भेट द्यावे असे आले. रात्री-अपरात्री रोग्याला घेऊन ते घोडेगाव गाठतात आणि वर काही घेत नाहीत. डोंगरात चालक हा निरोप्याही असतो. 30 जुलै 2014 ला माळीणवर दरड कोसळली, तेव्हा गाव नाहीसे झाल्याची खबर बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे.

मी पुण्याहून नमुने नेले होते. स्टिअरिंगला झालरीचे कव्हर, सीटबेल्टला कापूस भरलेली गादी. चालकभाऊ म्हणाले, "बेल्ट अंगाला घट्ट बसला पाहिजे, त्यात गादी नको. आणि झालर हातातून सरकली तर घाटात काय करू?" मी गप्प. तेवढ्यात एक ठाकर आजी म्हणाल्या, "बाय, गाडीला कशाला नटवती? आम्हाला गाडी लागती, त्याचं बघ."

सगळ्या हसल्या. एक सून मात्र हसली नाही. तिला सातवा महिना होता. आहुप्याच्या बाजूने डिंभे धरणाच्या पाण्याकडेने वळणावळणाने जीप येते. मागच्या खेपेला एका भाड्याच्या गाडीत तिला उलटी झाली आणि चालक सर्वांसमोर वाटेल ते बोलला. तेव्हापासून ती तपासणीला गेलीच नव्हती. आम्ही समजत होतो, बाई डॉक्टरांना घाबरते. तिला भीती होती ती गाडी खराब होण्याची.

मग पिशवीच शिवायची ठरली. बाहेरून जुन्या सुती लुगड्याचे तीन पदर, गोधडीसारखा धावदोरा घातलेले. त्यात बायका माझ्या गुरू! आत रेक्झिन. रेक्झिनला टाचणी लावली की भोक कायमचे राहते, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मशीनला जाड सुई आणि लांब टाका, कारण बारीक टाक्याने रेक्झिन कागदासारखे फाटते. पहिली पिशवी मी तळाला शिवण मारून केली. पाणी ओतून पाहिले, तर टपटप गळती! मग एकच लांब पट्टी तळाशी दुमडली आणि शिवण फक्त दोन्ही बाजूंना घेतली. रुंदी 25 सेंटिमीटर, खोली 30. गडबडीत तोंड मिटलेले असून चालणार नाही, म्हणून काठात बांबूची कामटी सरकवली. ही युक्ती आजींची. बाहेर एक खिसा, त्यात आवळासुपारी आणि फडके. आत कागदी पिशवी बसवायची आणि वापरली की बदलायची.

दोन नाड्यांनी ती पुढच्या सीटच्या पाठीला, डोके टेकायच्या उशीखाली बांधली. तुमच्यापैकी कोणी आपल्या गाडीसाठी शिवणार असाल तर एक सांगते. नव्या गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असू शकते, तिथून नाडी गुंडाळू नका.

पिशवी दिली त्या दिवशी चालकभाऊ जरा अवघडले. आपल्याला भेट म्हणून उलटीची पिशवी! पण तपासणीच्या दिवशी ते त्या सुनेच्या दारात गेले, तिला खिडकीशी बसवले आणि पिशवी कुठे आहे ते नुसते बोटाने दाखवले. ती घोडेगावला गेली. पिशवी लागली का, हे आम्ही विचारले नाही. रक्त कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या दोन्ही तपासण्यांना ती आपणहून आली.

आता जुन्नरकडचे, घाटघर-अंजनावळ्याच्या वाटेवरचे जीपवालेही पिशव्या मागतात. बायकांनी दर ठरवला आहे. मी तो थोडा कमी करा म्हटले, तर आजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की विषय तिथेच संपला. तुम्हाला विनंती एवढीच: जुनी सुती लुगडी धुऊन पाठवा. नायलॉनची नकोत, त्यांवर धावदोरा बसत नाही.