मणक्याची शस्त्रक्रिया, रक्ताची गुठळी आणि एक राहिलेला रकाना
(वार्षिक सभेतील निवेदन)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाविषयी अधिकाराने बोलणे माझे काम नव्हे. माझा संबंध कागदांशी. यंदा मात्र कागदानेच आम्हांस विचारात पाडले.

वाळूज औद्योगिक वसाहतीतील एक कामगार मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. अर्जातील 'पूर्वीचे आजार' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिले. शस्त्रक्रियांसाठी वेगळा रकाना नव्हता. ही उणीव माझी. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञांना त्यांच्या पोटावर बारीक व्रण दिसले. काही वर्षांपूर्वी वजन घटविण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली होती. "वजन तर उतरलं, मग त्यात सांगायचं काय?" त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या. त्यांचे तरी काय चुकले?

डॉक्टरांनी मला समजावले ते असे. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर हालचाल मंदावते, पायांच्या खोल शिरांत रक्त गोठू शकते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. ती टाळण्यासाठी रक्त पातळ करावे, तर मज्जारज्जूभोवती रक्त साचून पाय लुळे पडण्याचे भय. इकडे आड, तिकडे विहीर! वजन उतरल्याने गुठळीचे एक कारण कमी झालेले असते, हे खरे. परंतु बायपासनंतर रिव्हारोक्साबानसारखी गोळी अंगात किती शोषली जाईल, याची शाश्वती नसते. म्हणूनच अशा रुग्णास गुठळी झाल्यास प्रारंभी इंजेक्शनवरच भर द्यावा, असे या विषयातील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या समितीने 2021 साली सुचविले. शिवाय पाठदुखीवर सर्रास घेतली जाणारी डायक्लोफिनॅकसारखी औषधे जठराच्या जोडापाशी व्रण करू शकतात. त्यात रक्त पातळ असेल, तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

या गृहस्थांच्या पायांना हवेच्या दाबाचा पंप लावला, दुसऱ्याच दिवशी आधार देऊन चालविले, आणि हेपारिनचे इंजेक्शन शल्यविशारदांनी ठरविलेल्या वेळीच दिले. ते सुखरूप घरी गेले. तो पंप देणगीतून आलेला आहे, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

अर्जात आता स्वतंत्र रकाना आहे : वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय, कोणती, केव्हा? जुनी फाइल सोबत आणावी, ही नातेवाइकांना विनंती. घरी गेल्यावर एकाच पोटरीला सूज वा वेदना आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे. एकाएकी धाप लागली वा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघावे. अपघात विभाग उघडाच असतो.