मैदानाची विद्या

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. पाणी मिळाले की ती फुगते, आटले की भेगाळते. केळीच्या बागेस ती मानवते. धावणाऱ्या मुलाचा पाय मात्र त्याच भेगेत मुरगळतो. म्हणून मैदान राखणे म्हणजे नुसते पाणी शिंपून रोळ फिरविणे नव्हे. माती, गवत आणि निचरा यांचे शास्त्र तेथे लागते.

२०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी वानखेडेची खेळपट्टी ज्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली, ते सुधीर नाईक कसोटीपटू तर होतेच, शिवाय रसायनशास्त्राचे उच्चशिक्षितही होते. असा योग गावोगावी कोठून यावा? ती विद्या शिकवूनच पसरवावी लागेल.

सतराव्या शतकात याच शहरात कुंडी भंडाऱ्याने भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत आणले. पाणी आणण्यास जसे जाणकार लागले, तसेच ते मैदानावरून वाहून नेण्यासही लागतात. शेतकऱ्याच्या मुलास मातीची ओळख घरीच होते. तिला रीतसर अभ्यासक्रमाची जोड मिळाल्यास त्यास सन्मानाची उपजीविका लाभेल, आणि खेळणाऱ्यांचे पायही सुरक्षित राहतील.