दुरुस्तीची नोंद आणि दुसरा वाचक



शाळेच्या कचेरींत एक जाडजूड वही असते; तिला आम्ही मास्तरमंडळी जनरल रजिस्टर म्हणतों. मुलाचें नांव, त्याची जन्मतारीख, तो कोणत्या शाळेंतून आला व केव्हां गेला, हें सारें तींत लिहिलेलें असतें. या वहींत खाडाखोड करण्याची मनाई आहे. चूक सुधारावयाची तर जुना मजकूर वाचतां येईल अशा बेतानें त्यावर तांबड्या शाईची एक रेघ ओढावी, वर नवा मजकूर लिहावा आणि हेडमास्तरांनीं तारखेसह सही करावी, अशी आमची पद्धति.

एके दिवशीं एक गृहस्थ आपल्या जन्मतारखेच्या दाखल्यासाठीं आले. त्यांची नोकरी संपत आली होती, आणि त्यांच्या कचेरींतील कागदांत व शाळेच्या वहींत एक वर्षाचा फरक पडत होता. मीं रजिस्टर काढलें. तारीख दुरुस्त केलेली होती. तांबडी रेघ होती, सही होती, सहीखालीं तारीखहि होती. परंतु ही दुरुस्ती कोणाच्या अर्जावरून झाली, कोणता पुरावा पाहून झाली, आणि तो पुरावा दुसऱ्या कोणीं डोळ्यांखालून घातला होता कीं नाहीं, याविषयीं एक अक्षरहि नव्हतें. सही करणारे हेडमास्तर केव्हांच वारले होते. त्या गृहस्थांना एक वर्षाच्या पगारासाठीं कोर्टाची पायरी चढावी लागली.

ही हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो दिसावयास अगदीं नव्या जगांतला असला तरी त्याचें मूळ दुखणें हेंच आहे. संगणकाच्या आज्ञावल्या ज्या सर्व्हरवर जतन करून ठेवतात, त्या कोठाराला तक्रारवहीची व तपासणीची जोड कशी देतात आणि ती कां द्यावी लागते, हा तो विषय.

आज्ञावली म्हणजे संगणकानें करावयाच्या कामाचा लेखी मजकूर. यालाच कोड म्हणतात. मोठ्या आज्ञावलींत अशा लाखों ओळी असतात, आणि निरनिराळ्या देशांत बसलेलीं माणसें त्या एकाच मजकुरांत भर घालीत व फेर करीत असतात. कोणीं काय बदललें याचा हिशेब ठेवण्यासाठीं एक निराळीच आज्ञावली लागते. १९७२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं तयार केलेली एससीसीएस ही या जातीची एक आद्य आज्ञावली. आज सर्वत्र चालते ती गिट. ती लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें लिहावयास घेतली. गिटच्या प्रत्येक नोंदींत कोणीं, केव्हां, कोणत्या ओळी बदलल्या हें असतें आणि सोबत एक छोटा संदेशहि असतो. जुना मजकूर नाहींसा होत नाहीं; हवा तेव्हां काढून पाहतां येतो.

म्हणजे तांबडी रेघ, सही आणि तारीख यांची व्यवस्था झाली. पण अर्ज कोठें आहे? पुरावा कोणीं पाहिला? संदेशाच्या जागीं 'किरकोळ दुरुस्ती' एवढेंच लिहून मोकळे होणारे लोक त्या धंद्यांतहि आहेत, जसे ते आमच्या धंद्यांत होते.

उदाहरणादाखल मीडियाविकी या आज्ञावलीची गोष्ट घेऊं. विकिपीडिया हा ज्ञानकोश तिच्यावर चालतो. मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. तोहि तिच्यावरच चालतो, आणि जगांतील तीनशेंहून अधिक भाषांतील विकिपीडियाहि तिच्यावरच चालतात. मजकूर प्रत्येक भाषेचा निराळा, पण खालचें यंत्र एक. त्यामुळें यंत्रांत शिरलेली एक चुकीची ओळ मराठी वाचकाला जशी अडविते तशीच त्याच घटकेला फिनलंडमधील वाचकालाहि अडवूं शकते. असल्या कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न म्हणूनच लहान नाहीं.

या मंडळींनीं तक्रारवही बरीच आधीं, म्हणजे २००४ सालीं, उघडली. तिचें नांव बगझिला. ही आज्ञावली मुळांत नेटस्केप कंपनींत टेरी वीसमन यांनीं १९९८ सालीं तयार केलेली. बग म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकांत खरोखरीच एक पतंग अडकलेला सांपडला आणि तो तेथल्या लोकांनीं रोजच्या नोंदवहींत चिकटवून ठेवला, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. शब्द मात्र त्याहून जुना आहे. यंत्रांतील दोषाला किडा म्हणण्याची रीत एडिसनच्या काळींहि होती.

बगझिलांत प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. ती कोणीं केली, कोणाकडे सोंपविली, उघडी आहे कीं मिटली, हें तेथें दिसतें. आतां तक्रार लिहिणें ही देखील एक विद्या आहे. 'चालत नाहीं' एवढें लिहिणें म्हणजे तक्रार नव्हे. वैद्याकडे जाऊन 'बरें वाटत नाहीं' म्हणून गप्प बसण्यासारखें तें आहे. मीं काय केलें, काय होईल असें मला वाटलें होतें, आणि प्रत्यक्षांत काय झालें, या तीन गोष्टी क्रमानें सांगाव्या लागतात. दुसऱ्या माणसाला आपल्या घरीं बसून तीच चूक पुन्हा घडवून आणतां आली, म्हणजे अर्धी दुरुस्ती झालीच म्हणून समजावें.

तक्रारवही होती, तपासणीहि होती, पण तपासणीची जागा उलटी होती. त्यांचें कोठार २००६ पासून सबव्हर्जन या आज्ञावलींत होतें. ज्याला परवानगी असे तो आपला बदल सरळ मुख्य मजकुरांत जमा करी, आणि मागाहून दुसरा कोणी तो वाचून 'ठीक' किंवा 'सुधारावा' असा शेरा मारी. या शेऱ्यांची सोय २००८ च्या सुमारास मुद्दाम करण्यांत आली. हेतु चांगला होता. पण जमा करणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे! न तपासलेल्या बदलांचा ढीग वाढत गेला. एखादा बदल वाईट निघाला तरी तोंपर्यंत त्याच्यावर आणखी दहा जणांच्या बदलांचे थर चढलेले असत; खालची वीट काढावी तर भिंत हलते. १.१६ ही आवृत्ति जुलै २०१० मध्यें निघाली, आणि तिच्या पुढची १.१७ बाहेर पडावयास जून २०११ उजाडला. तुंबलेली तपासणी हें त्या विलंबाचें एक मोठें कारण होतें.

मार्च २०१२ मध्यें त्यांनीं क्रम फिरविला. कोठार गिटमध्यें आणलें आणि त्याच्या दारांत गेरिट नांवाची तपासणीची आज्ञावली बसविली. या नांवाची गंमत सांगण्यासारखी आहे. पायथन भाषेचे कर्ते खीडो फान रॉसुम हे मूळचे हॉलंडचे. गूगल कंपनींत त्यांनीं २००६ सालीं सहकाऱ्यांचा कोड वाचून शेरे देण्यासाठीं एक साधन केलें व त्याला मॉन्ड्रियान या डच चित्रकाराचें नांव दिलें. पुढें २००८ सालीं त्याच धर्तीवर सर्वांसाठीं खुलें असें दुसरें साधन केलें. त्याला रिटफेल्ड या डच वास्तुकाराचें नांव. अँड्रॉइडच्या कामासाठीं त्याच्यापासून जें तिसरें निपजलें तें गेरिट; आणि रिटफेल्ड यांचें पूर्ण नांव गेरिट रिटफेल्ड! आडनांव बापाला आणि पाळण्यांतलें नांव मुलाला, असा हा वंश.

गेरिटचें काम असें चालतें. नवा बदल घरांत एकदम घ्यावयाचा नाहीं. आधीं ओसरीवर बसवावयाचा. तेथें प्रथम यंत्रच ठराविक चाचण्या लावून पाहतें. मग माणसें वाचतात, आणि छापखान्यांत मुद्रितें तपासतांना समासांत खुणा करतात त्याप्रमाणें प्रत्येक ओळीशेजारीं आपला आक्षेप लिहितात. लेखकानें सुधारून पुन्हा मजकूर पाठविला तरी त्याची ओळख बदलत नाहीं. संदेशाच्या तळाशीं 'आय' या इंग्रजी अक्षरानें सुरू होणारी एकेचाळीस चिन्हांची एक लांबलचक खूण असते, ती कायम राहते. त्यामुळें पहिला मसुदा, दुसरा मसुदा, त्यांवरील वाद आणि शेवटचें रूप हें सारें एकाच ठिकाणीं राहतें.

वाचणारा शेवटीं गुण देतो: अधिक दोनपासून उणें दोनपर्यंत. अधिक एक म्हणजे मला ठीक दिसतें, पण संमति दुसऱ्या कोणीं द्यावी. अधिक दोन म्हणजे आंत घ्यावें. हा अधिकार कांहीं निवडक जणांनाच. उणें एक म्हणजे असें जाऊं नये असें मला वाटतें. उणें दोन म्हणजे अडसर. तो काढल्याखेरीज दार उघडत नाहीं. आणि यांतील खरी मौज अशी कीं, दोघांनीं अधिक एक दिला म्हणून त्यांची बेरीज अधिक दोन होत नाहीं. जन्मभर बेरजा शिकविलेल्या माणसाला हें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण विचार करतां तें योग्यच आहे. दोन माणसांनीं 'मला ठीक वाटतें, पण जबाबदारी माझी नाहीं' असें म्हटलें, तर जबाबदारी घेणारा एकहि उत्पन्न होत नाहीं. मग असे दहा जण जमले तरी काय?

तक्रारवही व कोठार यांना जोडणारा दोरा मात्र अगदीं साधा आहे. संदेशाच्या शेवटीं 'बग' असा शब्द आणि पुढें तक्रारीचा क्रमांक, एवढी एक ओळ लिहावयाची. ती ओळ दिसतांच यंत्र आपण होऊन तक्रारवहींत नोंद करतें कीं, या तक्रारीवर अमुक बदल तपासणीसाठीं आला आहे; तो मंजूर झाला कीं तेंहि लिहितें. आमच्या रजिस्टरांत तांबड्या रेघेशेजारीं अर्जाचा बारनिशी क्रमांक लिहिण्याची सक्ति असती, तर त्या गृहस्थांचे हेलपाटे वांचले असते.

आतां या व्यवस्थेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दारांत तपासनीस बसविला कीं दाराबाहेर रांग लागते. हौसेनें काम करणाऱ्या नवख्या माणसानें पांच ओळींची दुरुस्ती पाठवावी आणि महिनोन्‌महिने तिच्याकडे कोणीं ढुंकूनहि पाहूं नये, असें तेथें घडतें. याला कोणी शिस्त म्हणत असेल तर म्हणो. माझ्या मतें हा उद्धटपणा आहे. परीक्षेचे पेपर घरांत पडून ठेवणाऱ्या मास्तरांस आम्ही जो शब्द वापरीत असूं तोच येथेंहि लागू आहे.

आणि तपासनीस असला म्हणजे चूक सुटत नाहीं, असेंहि नाहीं. इंटरनेटवरील गुप्त व्यवहार सांभाळणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली घ्या. ३१ डिसेंबर २०११ रोजीं, सारें जग वर्ष संपवावयाच्या गडबडींत असतां, तींत एक नवा भाग दाखल झाला. एका संगणकानें दुसऱ्याला म्हणावयाचें, 'हा एक शब्द पाठवितों, याचीं अक्षरें इतकीं. तोच मला परत पाठव,' असा तो व्यवहार. पण अक्षरें खरोखरच तितकीं आहेत कीं नाहींत हें मोजून पाहण्याची ओळ लिहावयाची राहिली. कोणीं एक अक्षर पाठवून 'हीं चौसष्ट हजार' असें खोटें सांगितलें, तरी समोरचा संगणक मुकाट्यानें आपल्या स्मरणांतील शेजारचा मजकूर उचलून तितकी भरती करून देई. त्यांत लोकांचे संकेतशब्दहि येऊं शकत. हा भाग दुसऱ्या माणसानें वाचलेला होता! तरी तो मार्च २०१२ च्या आवृत्तींतून जगभर गेला, आणि चूक जाहीर झाली ती ७ एप्रिल २०१४ रोजीं. लिहिलेल्या ओळींतील चूक वाचणाऱ्याला दिसते. न लिहिलेली ओळ दिसण्यास निराळीच नजर लागते. गणित तपासतांना आम्हांला जो सर्वांत जास्त चकवी, तो उत्तर चुकलेला मुलगा नव्हे. एक पायरी गाळून बरोबर उत्तराला पोंचलेला मुलगा.

लहान मंडळींनीं काय करावें, असें मला विचारतात. दोन-चार माणसांच्या संस्थेला गेरिटसारखा बडेजाव झेपत नाहीं. २०१६ सालीं निघालेली गिटी यासारखी छोटी आज्ञावली आपल्याच संगणकावर बसवितां येते. तींत कोठार, तक्रारवही आणि तपासणी तिन्ही एकत्र आहेत. मी तर म्हणेन कीं आधीं तक्रारवही चालू करावी आणि क्रमांकावांचून बदल घेऊं नये. दुसरा वाचक मिळावयास वेळ लागतो. क्रमांक लिहावयास लागत नाहीं.

मीडियाविकीच्या मंडळींनीं नोव्हेंबर २०१४ मध्यें आपली तक्रारवहीहि बदलली. बगझिला सोडून ते फॅब्रिकेटर या आज्ञावलीकडे गेले. दहा वर्षांच्या तक्रारी नव्या वहींत उतरवावयाच्या, आणि जुने क्रमांक तर हजारों संदेशांच्या तळाशीं कायमचे लिहून ठेवलेले. ते बदलतां येत नाहींत. तेव्हां त्यांनीं एक युक्ति केली. प्रत्येक जुन्या क्रमांकांत दोन हजार मिळविले. बगझिलांतील पहिली तक्रार आतां दोन हजार एक या क्रमांकावर आहे. एखाद्या जुन्या दुरुस्तीखालीं कोणीं नुसता ९००० हा आंकडा लिहून ठेवला असेल, तर आज अकरा हजार क्रमांकाची चिठ्ठी काढावी; त्या तक्रारीवर जें बोलणें झालें असेल तें बोलणाऱ्याच्या नांवासह व तारखेसह तेथें वाचावयास मिळतें.